साठ ठीक, ऐंशी धोक्याचे?

मे महिन्याच्या अखेरीस विदर्भातल्या एका शिक्षकमित्रांचे पत्र आले. त्यांच्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने साठवलेल्या पैशांतून एक सेकंडहँड संगणक घेतला होता. त्यात इंटेलचा आय५-२५००के हा २०११ साली बाजारात आलेला प्रोसेसर होता. जानेवारीत या मुलाने मिळेल ते मार्गदर्शन वाचून त्याची गती ३.३ गिगाहर्ट्झवरून ४.५ गिगाहर्ट्झवर नेली. सगळे सुरळीत चालले. मे उजाडला तसा तोच संगणक तेच काम करताना अडखळू लागला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा ९८ च्या आसपास जाऊन थांबे आणि गती आपोआप खाली येई. मार्गदर्शनात लिहिले होते, 'साठपर्यंत उत्तम, सत्तरपर्यंत ठीक, ऐंशीच्या वर धोका'. मुलाने निष्कर्ष काढला की प्रोसेसर खराब झाला. आता तो वडिलांकडून उसने पैसे घेऊन मोठा कूलर आणायला निघाला होता. पत्राच्या शेवटी शिक्षकांनी लिहिले होते, "मला संगणकातले फारसे कळत नाही म्हणून मी गप्प बसलो. पण गेली वीस वर्षे मी उष्णता शिकवतो आहे."

या शेवटच्या वाक्यामुळे आम्ही लिहायला बसलो. कारण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संगणकातले फारसे कळावे लागत नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' आणि 'उष्णता' ही दोन प्रकरणे लागोपाठ आहेत. बहुतेक उत्तर तेवढ्यात सापडते. मग मार्गदर्शकांना ते का देता आले नाही?

म्हणून नवशिक्यांसाठी लिहिलेले आणि बोललेले असे बरेच मार्गदर्शन आम्ही गोळा करून वाचले, पाहिले. त्यातले बरेचसे इंग्रजीत, थोडे हिंदी-मराठीत. कोणा एकाचे नाव घेत नाही, कारण दोष एकाचे नाहीत, ते एकाकडून दुसऱ्याकडे उतरवले गेलेले आहेत. आधी चांगले सांगतो. ही मंडळी स्वतःच्या हाताने यंत्र उघडतात, पेस्ट लावतात, आकडे लिहून ठेवतात आणि आपली चूक चारचौघांत कबूल करतात. आमच्या कितीतरी प्रयोगशाळांतून हरवलेली ही वृत्ती आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चाचणी घ्या, मग पुढे जा, हा त्यांचा नियम तर आम्ही आमच्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहू. तक्रार आहे ती तापमानाच्या तक्त्याबद्दल.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते थोडक्यात. प्रोसेसरमधील सर्व कामे एका ठोक्याच्या तालावर चालतात. ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे तीस कोटी ठोके. कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा हा ताल वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ताल वाढला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला आपले काम उरकायला कमी वेळ मिळतो. ते वेळेत उरकावे म्हणून त्याला जास्त व्होल्टेज द्यावे लागते. आणि व्होल्टेज वाढले की उष्णता वाढते. इतके सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे.

तक्त्यात नसलेली खोली

'साठपर्यंत उत्तम' हे वाक्य वाचल्यावर विज्ञानाच्या शिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा : खोलीचे तापमान किती? आम्ही पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत याचा रकानाच नाही. ज्या देशांत हे तक्ते मुळात तयार झाले तिथे घरातली हवा वर्षभर वीस-बावीस अंशांवर ठेवलेली असते, म्हणून तो रकाना कोणाला सुचलाही नसावा. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मेमध्ये बंद खोलीत चाळीस अंश असतात, हे त्या तक्त्याला ठाऊक नाही. तक्ता मराठीत आला, पण खोली तिकडेच राहिली.

हवेने थंड होणाऱ्या प्रोसेसरचे तापमान दोन भागांचे बनते. एक भाग खोलीचा, तो आहे तसाच मिळतो. दुसरा भाग प्रोसेसरने स्वतः निर्माण केलेल्या उष्णतेचा, म्हणजे खोलीच्या वर किती अंश चढले तो. हा दुसरा भाग काढायची रीत ओहमच्या नियमासारखीच आहे. तारेतून विद्युतधारा वाहते तेव्हा विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. इथे उष्णतेचा प्रवाह वॉटमध्ये मोजायचा, चिप ते हवा या वाटेतला औष्णिक रोध 'प्रत्येक वॉटमागे किती अंश' असा मोजायचा, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे तापमानातील फरक. कूलर चांगला याचा अर्थ एवढाच की त्याचा रोध कमी.

आम्ही शिक्षकमित्रांना कळवले की मुलाची वही असेल तर आकडे पाठवा. वही होती! जानेवारीत, मूळ वेगाला, १.२० व्होल्टवर पूर्ण ताण दिला असता ५७ अंश. खोलीचे तापमान त्याने लिहिले नव्हते, पण भिंतीवरच्या घड्याळात तापमापक होता आणि तो चोवीसच्या आसपास असे, हे त्याला आठवत होते. म्हणजे चढ ३३ अंशांचा. नंतर ४.५ गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट, आणि त्याच खोलीत ८४ अंश. म्हणजे चढ ६० अंशांचा.

आता गणित करू. ट्रान्झिस्टर उघडझाप करताना खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. वारंवारता ३.३ वरून ४.५ म्हणजे १.३६ पट. व्होल्टेज १.२० वरून १.३५ म्हणजे १.१२५ पट, त्याचा वर्ग सुमारे १.२७. दोहोंचा गुणाकार १.७३. वेग छत्तीस टक्क्यांनी वाढला, पण उष्णता त्र्याहत्तर टक्क्यांनी. मूळ चढ ३३ अंश होता, त्याला १.७३ ने गुणले की ५७ येतात. वहीत ६० आहेत. उरलेले तीन अंश कुठून आले हे सांगणेही अवघड नाही : ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी धारा गळत असते, ही गळती व्होल्टेजबरोबर आणि तापमानाबरोबर वाढते, आणि आपल्या साध्या गणितात ती धरलेली नाही. (घड्याळातल्या तापमापकाचाही एखादा अंश असेल. आठवणीतल्या आकड्यावर फार भार देऊ नये.)

मेमध्ये खोली चाळीस अंशांवर गेली. चाळीस आणि साठ मिळून शंभर. या प्रोसेसरच्या चिपची मर्यादा ९८ अंश आहे. तिथे पोचताच तो स्वतःचा ताल कमी करून स्वतःला वाचवतो, आणि त्याहून फार वर जायची वेळ आलीच तर संगणक बंद करतो. मुलाने जे पाहिले ते हेच. प्रोसेसर खराब झालेला नव्हता. जानेवारीत होता तसाच तो मेमध्ये होता, फक्त त्याच्या पायाखालची पायरी सोळा अंशांनी वर गेली होती.

आमच्या मते नवशिक्यांच्या मार्गदर्शनातला सर्वांत महाग दोष हाच आहे. त्यात निरपेक्ष तापमान सांगतात, चढ सांगत नाहीत. चढ सांगितला असता तर जानेवारीतच मुलाला मे दिसला असता.

कोणाचे तापमान?

दुसरा दोष मोजमापाचा आहे आणि तो जरा जास्त रंजक आहे. पडद्यावर दिसणारा आकडा नेमका कशाचा असतो?

याच २५००के प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत ७२.६ अंश अशी एक मर्यादा दिलेली असते. कित्येक नवशिके ती पाहतात, पडद्यावर ७५ पाहतात आणि घाबरतात. पण ७२.६ ही मर्यादा प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यबिंदूची आहे. पडद्यावरचा आकडा झाकणाखाली असलेल्या सिलिकॉनच्या आतल्या संवेदकाचा असतो, आणि तिथली मर्यादा ९८ आहे. उष्णता आतून बाहेर वाहते तेव्हा आतले टोक बाहेरच्या टोकापेक्षा गरम असणारच, नाहीतर ती वाहिलीच नसती. चुलीवरच्या तव्याचे तापमान आणि त्यावरच्या भाकरीच्या वरच्या बाजूचे तापमान एकच धरण्यासारखी ही चूक आहे. काही मार्गदर्शकांनी हे नीट समजावले आहे हे मान्य केले पाहिजे, पण तक्ते बनवताना दोन्हींच्या मर्यादा एकाच रांगेत बसवणारेही आम्हाला भेटले.

शिवाय हा आतला संवेदक आपल्या तापमापकासारखा शून्यापासून वर मोजत नाही. इंटेलच्या या पिढ्यांमध्ये तो 'मर्यादेपासून मी किती खाली आहे' एवढेच सांगतो. पडद्यावरची आज्ञावली ९८ मधून तो आकडा वजा करून आपल्याला तापमान दाखवते. संवेदकाचे कामच धोक्याजवळ अचूक असण्याचे असल्यामुळे खालच्या टोकाला, संगणक रिकामा बसलेला असताना, तो बराच चुकू शकतो. खोलीत तीस अंश असताना 'माझा प्रोसेसर रिकामा असताना पंचवीसवर असतो' असे अभिमानाने सांगणारे भेटतात. पंखा आणि धातूचे पत्रे यांनी कोणतीही वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड करता येत नाही. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे वाहत नाही, हे वर्गातल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. पण पडद्यावर आकडा झळकला की ठाऊक असलेले विसरायला होते. असे वाचन दिसले तर कूलरचे कौतुक करू नये, तापमापकाची शंका घ्यावी.

याहून बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. एएमडी कंपनीने त्या वर्षी रायझन प्रोसेसर आणले. त्यातील १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन प्रोसेसर आपले तापमान खऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त सांगत. १७०० हा त्यांचाच भाऊ मात्र खरे तेच सांगे. कंपनीने मार्च २०१७ मध्ये खुलासा केला की पंख्यांचे नियंत्रण सर्व प्रकारांत सारखे राहावे म्हणून ही वाढ मुद्दाम ठेवली आहे. तोवर तक्त्याशी आकडे ताडून पाहणाऱ्या ग्राहकांचे काय झाले असेल याची कल्पना करता येईल. पडद्यावरचा आकडा हे कोणीतरी काही हेतूने रचलेले वाचन असते. ते काय मोजते, कुठे मोजते आणि कशात मिसळते, हे विचारल्याशिवाय त्याला 'तापमान' म्हणणे घाईचे ठरते.

कमी उष्णता, जास्त तापमान

उष्णता आणि तापमान एक नव्हेत हे आपण सातवी-आठवीपासून शिकवतो, आणि उदाहरण म्हणून पाण्याची बादली व पेला घेतो. एप्रिल २०१२ मध्ये बाजाराने याहून नेमके उदाहरण दिले होते, पण शाळांनी ते उचलले नाही.

त्या महिन्यात इंटेलने आय७-३७७०के हा प्रोसेसर आणला. आधीच्या आय७-२६००के साठी कंपनीने ९५ वॉटचा औष्णिक अंदाज दिलेला होता, याला फक्त ७७ वॉटचा. (हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष वीजखर्च नव्हे, कूलर किती ताकदीचा लागेल याचा अंदाज. मार्गदर्शकांत ही गल्लतही नेहमीची.) कमी वॉट, म्हणजे थंड प्रोसेसर, असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ओव्हरक्लॉक केल्यावर नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा जास्त गरम दाखवू लागला. लोक चक्रावले. काहींनी कंपनीवर संशय घेतला, काहींनी तापमापकावर.

कारणे दोन होती. पहिले क्षेत्रफळ. जुन्या चिपचे क्षेत्रफळ २१६ चौरस मिलिमीटर, नवीचे १६०. भागाकार करून पाहा : ९५ वॉट भागिले २.१६ चौ. सें.मी. म्हणजे दर चौ. सें.मी.ला ४४ वॉट, आणि ७७ भागिले १.६० म्हणजे ४८ वॉट. एकूण उष्णता घटली, पण ती बाहेर पडण्याचा दरवाजा त्याहून जास्त आक्रसला. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ अंदाजे दोनशे चौ. सें.मी.चा धरला तर तिथे दर चौ. सें.मी.ला पाच वॉट येतात. म्हणजे आपल्या टेबलाखाली इस्त्रीच्या नऊ-दहा पट तीव्रतेची उष्णता एका नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडत असते, आणि आपली अपेक्षा की तो तुकडा हाताला कोमट लागावा!

दुसरे कारण चिप आणि झाकण यांच्यामधल्या फटीत होते. जुन्या प्रोसेसरमध्ये ही फट धातूच्या डाखाने भरलेली होती, नव्यामध्ये पेस्टने. पेस्टची उष्णतावाहकता धातूच्या मानाने बरीच कमी. धाडसी हौशी लोकांनी ब्लेडने झाकण काढले, जुनी पेस्ट पुसली, दुसरी लावून झाकण पुन्हा बसवले, आणि तापमान खाली आले. चिप तीच, वॉट तितकेच, फक्त वाटेतला रोध बदलला. पेस्टपेक्षाही झाकणाच्या कडेच्या गोंदामुळे राहिलेली फट जास्त दोषी होती, असेही काहींनी मोजून दाखवले. इंटेलने पुढे २०१८ साली नवव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत पुन्हा डाख आणला.

ब्लेडने झाकण काढा असे आम्ही कोणत्याही विद्यार्थ्याला सुचवणार नाही. पण या लोकांनी जे केले तो शुद्ध प्रयोग होता. त्यांची टिपणे वाचताना, 'किती अंश सुरक्षित' या तक्त्याच्या पलीकडे गेलेले मार्गदर्शनही असू शकते, याचे समाधान वाटले.

दहा मिनिटांची परीक्षा

गती वाढवल्यावर संगणक स्थिर आहे का हे पाहण्यासाठी ताणाची चाचणी घेतात. त्यासाठी फार वापरला गेलेला 'प्राइम९५' हा कार्यक्रम मुळात १९९६ साली सुरू झालेल्या, मर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या सामूहिक प्रकल्पाचा. त्याची परीक्षा फार सुंदर आहे : ज्या गणितांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत ती प्रोसेसरकडून करून घ्यायची आणि ताडून पाहायची. उत्तर चुकले की प्रोसेसर नापास. म्हणजे जास्त ताणलेला प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही, तो कधी कधी शांतपणे चुकीचे उत्तर देतो. नवशिक्यांना सांगण्यासारखी ही सर्वांत गंभीर गोष्ट, पण ती एखाद्या ओळीत उरकलेली दिसते. मुलाचा प्रकल्प, शाळेचे निकालपत्रक, घरचे फोटो ज्या यंत्रावर आहेत ते यंत्र न सांगता चुकते, यापेक्षा ते भक्कन बंद पडलेले परवडले.

'दहा मिनिटे चालले म्हणजे स्थिर' या सल्ल्यात तर्काची चूक आहेच (पास झालेली परीक्षा दोष नसल्याचा पुरावा होत नाही), पण उष्णतेचीही आहे. ताण सुरू होताच आकडा एका क्षणात वर उडी घेतो, ती चिप आणि झाकण यांची उडी. मग कूलरचे धातू हळूहळू तापतात. अर्धा किलो ॲल्युमिनिअम एका अंशाने तापवायला सुमारे ४५० ज्यूल लागतात. त्या हिशेबाने कूलरचे तापमान स्थिरावायला दहा-बारा मिनिटे जातात. त्याच्या मागून पेटीतली हवा, आणि सर्वांत शेवटी खोली. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण तेहतीस-चौतीस किलो हवा असते. तीनशे वॉटचा संगणक दारे-खिडक्या लावून चालवला आणि भिंतींनी काहीच शोषले नाही असे धरले, तर दर दोन मिनिटांना हवा एक अंश चढेल. भिंती शोषतात म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही, पण तासाभराने काही अंश वाढलेले असतात हे कोणीही तापमापक टांगून पाहू शकेल. दहा मिनिटांच्या परीक्षेत हे काहीच येत नाही.

तापमापकाला न दिसणारे

आतापर्यंत आम्ही तक्त्याला चूक म्हणत आलो तरी तापमान महत्त्वाचे आहे हे मानून चाललो. आता त्याच्या पलीकडची अडचण. तक्ता असे सुचवतो की आकडा कमी असला म्हणजे प्रोसेसर सुरक्षित. हे खरे नाही.

चिपमधल्या अतिसूक्ष्म धातूच्या तारांतून वाहणारी धारा धातूचे अणू हळूहळू ढकलत नेते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स ब्लॅक यांनी या झिजेचे समीकरण मांडले. त्यात तापमान आहे, पण त्याच्या शेजारी धारेची घनताही आहे, आणि तीही घातांकासह. प्रोसेसरचे आयुष्य ठरवणाऱ्या अशा दोन-तीन दोऱ्या आहेत. तापमापक एकच दोरी दाखवतो.

एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर कंपनीने त्यांच्या एका अंतर्गत व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. उपाय व्होल्टेजवर झाला याकडे लक्ष द्यावे. गंमत म्हणजे २०२२ साली आलेल्या त्याच पिढीच्या साध्या प्रोसेसरांबद्दल कंपनीने आधीच सांगून टाकले होते की पूर्ण ताणाखाली ते ९५ अंशांपर्यंत जातील आणि तसेच जावेत अशी त्यांची रचना आहे. मर्यादेपर्यंत जाऊन जितका वेग मिळेल तितका ते घेतात. 'ऐंशीच्या वर धोका' हा तक्ता अशा प्रोसेसरला लावला तर कारखान्यातून आलेला प्रत्येक नग पहिल्याच दिवशी नापास होईल.

२०२४ सालची इंटेलची घटना याहून मोठी. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले कित्येक प्रोसेसर काही महिन्यांच्या वापराने अस्थिर होऊ लागले. यातल्या अनेकांना कोणी ओव्हरक्लॉक केलेले नव्हते. कंपनीने जुलैमध्ये सांगितले की आतल्या आज्ञावलीतल्या चुकीमुळे हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. पुढे सप्टेंबरमध्ये खुलासा आला की ठोका पोचवणारा मंडलाचा भाग वाढीव व्होल्टेज आणि तापमानाखाली लवकर वयस्क होत होता. दुरुस्त आज्ञावली दिली गेली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली गेली, पण झिजलेले प्रोसेसर दुरुस्त झाले नाहीत. त्यांचे मालक कदाचित रोज पडद्यावरचे तापमान पाहत असतील आणि ते मर्यादेत आहे म्हणून निश्चिंत असतील.

ही घटना सांगून मुलांना घाबरवायचे नाही. पण १.३५ व्होल्ट देणारा मुलगा, 'तापमान साठच आहे, मग १.४५ का देऊ नये' असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर द्यायला तक्ता अपुरा आहे. मोठा कूलर आणून तापमान उतरवता येते, व्होल्टेज उतरत नाही. मोठ्या कूलरने उलट जास्त व्होल्टेज देण्याची भीड चेपते.

हे तक्ते असे का झाले, याचे उत्तर बहुधा इतिहासात आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. त्याच्या बाहेरचा ताल ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ होई, तेही बहुतेक वेळा व्होल्टेज न वाढवता. कारखान्याने मोठी राखीव जागा सोडलेली होती, ती फुकट मिळे. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'ने एक चित्रफीत दाखवली : चालत्या संगणकावरचा कूलर काढला तर पेन्टियम ४ मंदावून चालत राहिला आणि एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला. अशा काळात 'तापमानावर डोळा ठेवा, साठच्या आत राहा' हा सल्ला शहाणपणाचा होता. आता प्रोसेसर स्वतःला वाचवतात, आणि राखीव जागा कारखानाच टर्बोच्या नावाने वापरून टाकतो. यंत्र बदलले, पण सल्ला नक्कल होत राहिला. पाठ्यपुस्तकांबद्दल आपण हेच म्हणत असतो, तेव्हा मार्गदर्शकांना फार बोलायचे कारण नाही.

शिक्षकमित्रांना आम्ही हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिले नाही. एवढेच कळवले की कूलर घेऊ नका, आधी गुणाकार करा. मुलाने वेग ४.२ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२५ केले. गणिताने उष्णता मूळच्या १.३८ पट येते, म्हणजे चढ सुमारे ४६ अंश. जूनच्या मध्याला खोली ३७ अंशांवर असताना पडद्यावर ८५ दिसले, अंदाज ८३ चा होता. ४.५ च्या मानाने वेग सात टक्क्यांनी घटला, उष्णता वीस टक्क्यांनी.

यानंतर शिक्षकमित्रांनीच एक गोष्ट केली. वर्गातल्या सहा जणांना त्यांनी दर मिनिटाला एक वाचन घ्यायला लावले, ताण सुरू केल्यापासून वीस मिनिटे, आणि ताण थांबवल्यावर पुन्हा वीस मिनिटे. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम आलेखावर उतरला, पण सुरुवातीची उडी आणि नंतरचा संथ चढ अशी दोन वळणे दिसली, आणि मुलांनी विचारले की वळणे दोन का. कूलर काढून पेस्ट नव्याने लावली तर कोणते वळण बदलेल यावर वर्गात दोन तट पडले आहेत. सुट्टीच्या दिवशी ते करून पाहणार होते. तो आलेख अजून आमच्याकडे आलेला नाही.